तानाबाईचा उजवा हात

मी एका चालत्याबोलत्या बाईला मारलं होतं. विष घालून नव्हे हो, नुसत्या तोंडानं. आणि ती बाई दर मंगळवारी माझ्या पायरीशी येऊन, आपण अजून मेलेलो नाही, हे सगळ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगून जायची. तुम्हीच सांगा, कुठल्या वैद्याला हे झेपेल?

मी चन्नप्पा वैद्य. सोलापुरात मंगळवार पेठेत आमचा दवाखाना वडिलांपासूनचा. वडील बसलिंगप्पा वैद्य. आमच्या घराण्याचं नाव औषधासाठी नव्हतं, खरं तेच सांगतो. काढे सगळेच वैद्य देतात. आमचं नाव होतं नाडीसाठी. माणूस अंथरुणाला खिळला की लोक मला न्यायला यायचे. लेकीबाळींना बोलावून घ्यायचं की अजून थांबायचं, हे माझ्या तीन बोटांवर ठरायचं. मी मान हलवली की बायका रडायला लागायच्या आणि पुरुष लाकडं बघायला जायचे. पंचवीस वर्षांत एकदाही चुकलो नव्हतो. निदान तसा माझा समज होता, आणि मेलेली माणसं काही येऊन सांगत नाहीत.

वडिलांचा एक नियम होता. पुरुषाचा उजवा हात, बाईचा डावा. लहानपणी मी एकदा एका म्हातारीचा उजवा हात धरला, तर वडिलांनी चंदनाच्या खोडानं बोटांवर असा फटका दिला की दोन दिवस भाकरी मोडता येईना. तेव्हापासून बाईचा उजवा हात मी डोळ्यांनीसुद्धा बघितला नसेल.

तेहतीस सालचा मार्गशीर्ष होता. हिप्परग्याच्या तळ्याकाठच्या वस्तीवरून तिघंजण आली. बिरप्पा नावाचा मेंढरं राखणारा धनगर, त्याची आई राजाबाई आणि बायको तानाबाई. तानाबाई अठ्ठावीस-तीस वर्षांची, उंच, काटक. तोंडावर आजारपण असं दिसत नव्हतं, फक्त जरा फिकी होती.

"काय होतंय?" मी विचारलं.

"डावा हात लवकर दमतुया," ती म्हणाली. "शेरडांच्या धारा काढताना मदीच बोटं बधिर हुत्यात. वर बघितलं की गरगरतंय. गेल्या साली तीन म्हयनं बारीक ताप हुता, तवापासनं."

"डावा हात पुढं कर."

मी बोटं ठेवली. काही लागेना. जागा बदलली, दाबून बघितलं, हलकं धरून बघितलं. हात थंड, आणि नाडी म्हणाल तर औषधालासुद्धा नाही. माझ्या अंगावर काटा आला. नाडी इतकी बंद मी फक्त अखेरच्या घटकेला बघितली होती.

मी हात खाली ठेवला आणि राजाबाईकडे वळलो. "घरी न्या. पाव्हण्यारावळ्यांना कळवा. पौर्णिमा बघत नाही ही."

बिरप्पाचा चेहरा पांढराफटक पडला. राजाबाईनं पदर तोंडाला लावला. आणि तानाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "अवो वैद्यबाबा, हिप्परग्यापासनं मी पायी चालत आले की! येताना डोक्यावर ह्ये गाडगंबी हुतं. मरायला आलेलं मानूस आसं चालतं व्हय?"

"नाडी तुला जास्त कळते का मला?" मी गरजलो.

"माजी हाय न्हवं, म्हून इचारलं."

"नेता का हिला!" मी म्हणालो, आणि ते निघाले. जातानासुद्धा गाडगं तिच्याच डोक्यावर होतं. ते मला तेव्हा दिसलं होतं, पण बघायचं नव्हतं.

पौर्णिमा आली आणि गेली. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी एका म्हाताऱ्याला चूर्ण बांधून देत होतो. बाजाराचा दिवस, बाहेर ही गर्दी. तेवढ्यात पायरीवरून आवाज आला.

"वैद्यबाबा! न्हाय मेले!"

मी मान वर केली. तानाबाई, डोक्यावर दुधाचं गाडगं, कमरेला लोकर कातायची चाती. आत बसलेल्या सगळ्या माणसांच्या माना आधी तिच्याकडे वळल्या, मग माझ्याकडे. चूर्णाची पुडी माझ्या हातातून निसटली.

"नाडीचं कधी दोन दिवस पुढंमागं होतं," मी म्हणालो.

"बरं. मग म्होरल्या मंगळवारी येऊन सांगते की."

आणि आली! पुढच्या मंगळवारी आली, त्याच्या पुढच्याही आली. "वैद्यबाबा, आजबी न्हाय मेले!" म्हणायची आणि दात काढत पुढे जायची. पेठेतली माणसं मंगळवारी मुद्दाम माझ्या दारासमोर उभी राहायला लागली. समोरच्या भडबुंज्याच्या दुकानात तर बाकडं टाकून बसायचे लेकाचे. पानवाला मला विचारायचा, "काय वैद्य, आज तुमची मयत किती वाजता येणार?" माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. नाडी दाखवायला येणारी माणसं कमी झाली, आणि जी आली ती गालातल्या गालात हसत आली.

एका मंगळवारी ती आत येऊन बसलीच. बरोबर बिरप्पा होता, तो दाराशी उभा. तिच्या तोंडावर त्या दिवशी हसू नव्हतं.

"वैद्यबाबा, चेष्टा पुरं झाली," ती म्हणाली. "आता माजं ऐका. तुमी बोलला म्हून मी मेले. सासू माज्या हातचं खात न्हाय. मेल्याली बाई हाय म्हनती. माज्या हातचं दूध वतून देती. चूल काढून घेतली, शेरडं काढून घेतली. डाव्या हातानं मी बिरोबाच्या नावानं सोडल्याल्या मेंढ्याला हाकललं म्हून तो हात देवानं नेला, आन् बाकीची बाई मागनं जानार, आसं सगळ्या वस्तीला सांगत फिरती. येत्या आयतवारी तिचा भाऊ हरिबा आपल्या पोरीला घेऊन येनार हाय. ह्येच्यासंगं सुपारी फुटनार."

"बिरप्पा, तू काय म्हणतोस?" मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "आय म्हनती, वैद्याचा शबूद खोटा न्हाय. मी काय बोलनार? पर आय शेरडांमागं गेली की मी हिच्या हातचं खातो."

"चोरून खातो," तानाबाई म्हणाली. "चोरून खानारा नवरा मला कशाला पायजे? वैद्यबाबा, तुमी वस्तीवर या. माजा दुसरा हात धरा, आन् सगळ्यांम्होरं सांगा की बाई जित्ती हाय. सासू डागदराचं ऐकत न्हाय. तुमचंच ऐकती."

तिनं उजवा हात माझ्यापुढे केला. इतका जवळ, की बोटं ठेवायला मला हातसुद्धा लांब करावा लागला नसता.

आणि मी काय केलं? लाज वाटते सांगायला. मी हात मागे घेतले. "बाईचा उजवा हात धरायची आमच्या घराण्यात रीत नाही," म्हणालो. "आणि बोललो ते बोललो."

ती उठली. रडली नाही. माझ्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, यापेक्षा हिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं. बिरप्पाच्या दंडाला धरून ती बाहेर पडली, आणि त्या दिवशी पायरीवरून ओरडायची राहिली.

आतल्या दाराच्या पडद्यामागं माझी बायको कस्तुराबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. जेवायला बसलो तर ताटात कडक भाकरी आणि पाणी घातलेलं ताक. शेंगाचटणी नाही. आमच्या घरात शेंगाचटणीशिवाय ताट? असं लग्न झाल्यापासून घडलं नव्हतं.

"चटणी संपली का?" मी विचारलं.

"बरणी भरली आहे," ती म्हणाली.

"मग वाढ की."

"साकु!" कस्तुराबाई अक्कलकोटाकडची, रागावली की कानडीत येते, आणि तिचं 'पुरे' एकदा कानडीत आलं की पुढं बोलण्यात अर्थ नसतो. जाताना मात्र मराठीत म्हणाली, "त्या बाईच्या ताटातली भाकरी तुम्ही काढून घेतली. मी नुसती चटणी काढली."

आता माझी दुसरी भानगड सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दोन-तीन महिन्यांपासून माझा डावा पाय दुखत होता. चार पावलं चाललो की तळव्यात गोळा यायचा, थांबलो की बरं वाटायचं. मग अंगठ्याशेजारचं बोट आधी निळं दिसायला लागलं, मग टोकाला काळं. मी स्वतःच लेप करून फडकं गुंडाळायचो आणि कुणाला दाखवायचो नाही. वैद्याचा पाय दुखतो म्हटलं तर लोक काय म्हणतील? दुखलं की बिडी ओढायची, म्हणजे जरा विसर पडायचा. दिवसाला तीस-पस्तीस बिड्या जायच्या. आमच्या गावात बिडी स्वस्त आणि ताजी, वळणाऱ्या बायका गल्लोगल्ली, मग माणूस ओढणार नाही तर काय करणार!

गुरुवारी सकाळी मी पाय धूत होतो. कस्तुराबाई चंबू घेऊन आली आणि तिला बोट दिसलं. चंबू खाली आदळला. डोक्यावर पदर घेतला आणि तडक निघाली. अर्ध्या तासानं परत आली ती रुद्रप्पाला घेऊनच.

रुद्रप्पा हा माझा सख्खा भाचा. पुण्याहून डॉक्टरी शिकून आला आणि पलीकडच्या गल्लीत दवाखाना थाटला. खरं तर त्याला नाडी मी शिकवली होती, माझ्याच मांडीवर बसून. पोरगं हुशार. पण आल्या आल्या कानात रबरी नळ्या घालून छातीला कान लावायला लागलं, तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतं बोलत होतो.

त्यानं पाय मांडीवर घेतला. घोट्यापाशी बोटं ठेवली, पायाच्या पाठीवर ठेवली. मग माझा हात ओढून माझीच तीन बोटं माझ्या पावलावर टेकवली.

"मामा, इथं नाडी असते. लागते का बघा."

पायाची नाडी मी पोथीत वाचली होती. पण बोट म्हणाल तर कधी ठेवलं नव्हतं. मी हात धरणारा माणूस, पाय कशाला धरू? आता धरला. काही लागेना. जागा बदलली, दाबलं, हलकं धरलं. तसाच थंडपणा, तशीच चूप. मला एकदम हिप्परग्याची ती बाई आठवली आणि अंगाला दरदरून घाम फुटला.

"नाही लागत," मी म्हणालो.

"मग मामा, तुमच्या शास्त्राप्रमाणे तुम्ही कधी जाणार? याच पौर्णिमेला का पुढच्या?"

कस्तुराबाई रडत होती, ती रडता रडता हसली. खुशाल हसली! आणि मी, ज्यानं आयुष्यभर लोकांना रडवलं, तोंड उघडं टाकून बसून राहिलो.

"घाबरू नका," रुद्रप्पा म्हणाला. "तुमच्या हाताची नाडी घोड्यासारखी पळतेय. फक्त पायाच्या टोकाला रक्त पोचत नाही. रक्ताच्या नळीच्या भिंतीला आतून सूज येते, नळी बुजत जाते. त्या तानाबाईचंही तेच, पण हाताला."

"तिला तू कधी बघितलंस?"

"मामींनीच पाठवलं होतं, संक्रांतीच्या आधी. उजव्या हाताला नाडी चांगली आहे. पायांना आहे. फक्त डाव्या हाताला नाही."

मी कस्तुराबाईकडे बघितलं. तिनं छताकडे बघितलं.

माझा राग उफाळला, पण रागापेक्षा एक प्रश्न मोठा होता. "थांब. दोघांचं रक्त तांबडं. दोघांना सूज. मग तिचा हात आणि माझा पाय, असं का? तिची सासू म्हणते, बाईनं देवाच्या मेंढ्याला त्या हातानं हाकललं. मी तर कुणाला लाथ मारलेली नाही."

"मामा, हिप्परग्याच्या तळ्याचा कालवा बघितलाय ना तुम्ही? तळ्याच्या तोंडाशी दगडी बांधकाम, चुन्याच्या सांध्यांचं. आणि अगदी टोकाला शेतात पाणी नेणारे मातीचे दंड. पाणी एकच. आता मला सांगा, खेकडा बीळ कुठं करतो?"

"मातीच्या दंडात."

"दगडी बांधकामात का नाही?"

"नांग्या मोडतील त्याच्या."

"बरं. पिंपळ कुठं उगवतो?"

"दगडाच्या सांध्यात. दंड दर हंगामाला मोडतो, तिथं पिंपळ कशाला तग धरेल?"

"झालं तर! काळजापासून निघणाऱ्या मोठ्या नळ्यांची भिंत जाड, थराथरांची. त्या भिंतीलाच पोसायला तिच्या आत आणखी केसासारख्या नळ्या असतात. टोकाच्या लहान नळ्यांची भिंत निराळी, पातळ. जिची भिंत जशी, तिला रोग तसा. तानाबाईचा पिंपळाच्या जातीचा. काळजाजवळ मोठ्या कालव्यातून डाव्या हाताचा फाटा फुटतो, तिथं भिंत सुजून जाड झाली. पाणी अडलं ते तिथं, पण वाळलं कुठलं रान? त्या फाट्याखालचं. म्हणून हात दमतो. तुमचा खेकड्याच्या जातीचा, थेट टोकाच्या दंडाला लागलेला. एखाद्या म्हाताऱ्याची नुसती कानशिलातली नळी सुजते आणि डोकं ठणकतं. देवाचा काय संबंध आला यात?"

मनाला पटत होतं, हेच वाईट होतं.

"पण तिचा डावाच फाटा का?" मी अडवायला म्हणून विचारलं. "उजवा का नाही?"

"ते मला माहीत नाही, मामा. माझ्या मास्तरांनाही माहीत नव्हतं. पिंपळाचं बी कुठल्या सांध्यात पडावं, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही."

मला माहीत नाही! इतक्या सहज म्हणाला हो पोरगा. पंचवीस वर्षांत हे तीन शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाले नव्हते, आणि वडिलांच्या तोंडून निघालेले मी ऐकले नव्हते.

"ती जगेल का?" मी विचारलं.

"वर्षं मी सांगत नाही, तो तुमचा धंदा. पण मोठी वाट बुजली की पाणी बाजूनं लहान वाटा काढतं. तिच्या हातात तसं थोडं थोडं रक्त येतंय. डाव्या हातानं जड काम नको, ताप आला तर माझ्याकडे यायचं. उद्या-परवा मरायचं तिला काही कारण नाही. आता तुमचं. तुमच्या खेकड्याला रोज कोण पोसतं, माहीत आहे?"

त्यानं माझ्याजवळ पडलेलं बिड्यांचं बंडल उचललं. "आजपासून एक बिडी जरी ओढली तर आज बोट जाईल, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. सोडली तर एका बोटावर भागेल. हे मात्र मला माहीत आहे."

कस्तुराबाईनं बंडल त्याच्या हातातून घेतलं आणि चुलीत टाकलं. दुपारच्या ताटात शेंगाचटणी होती. थोडीशीच.

रविवारपर्यंतचे तीन दिवस मी घरात कसे काढले, ते कस्तुराबाईला विचारा. बिडी नाही म्हणून मी मांजरावर ओरडलो, शेजाऱ्यावर ओरडलो, देवळातल्या घंटेवर ओरडलो. मनातल्या मनात मात्र एकच चाललं होतं. त्या बाईनं हात पुढे केला होता आणि मी माझे मागे घेतले होते. रविवारी सकाळी मी पायाला फडकं बांधलं आणि बैलगाडी सांगितली.

वस्तीवर पोचलो तेव्हा लिंबाखाली घोंगड्या अंथरल्या होत्या. हरिबा नवा पटका बांधून बसला होता. पोरगी असेल चौदा-पंधराची, कोपऱ्यात रडवेली बसलेली. बिरप्पा सुतक असल्यासारखा. आणि तानाबाई लांब मेंढरांच्या वाड्यापाशी एकटीच चाती फिरवत होती, उजव्या हातानं.

मला लंगडत उतरताना बघून राजाबाई धावत आली. "वैद्यबाबा! तुमी सोता? लई मोटं मन तुमचं. बसा की."

"बसतो. तानाबाईला बोलवा."

तानाबाई आली, दोन हात लांब उभी राहिली. तिला वाटलं असणार, हा आता आणखी काय बोलतो.

"उजवा हात पुढं कर," मी म्हणालो.

खरं सांगतो, चंदनाच्या खोडाचा तो फटका पंचेचाळिसाव्या वर्षीही बोटांना आठवत होता. मी हात धरला. आणि नाडी लागली! काय नाडी होती हो! भरलेली, ठाम, एकेक ठोका कसा मोजून घ्यावा असा. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"राजाबाई," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुझी सून जिवंत आहे. मी चुकलो. मी हिचा एकच हात बघितला आणि सबंध बाई मेली म्हणून सांगितलं."

राजाबाईनं डोळे बारीक केले. "बाईचा उजवा हात? वैद्यबाबा, तुमचं वडील सांगायचं, बाईचा डावाच. तुमाला कुनी काय चारलंय का? डाव्यात नाडी न्हाय म्हंजी न्हाय. देवानं हात नेला."

हरिबा मान डोलवायला लागला. तानाबाईनं हात माझ्या बोटांतून हळूच सोडवून घ्यायला सुरुवात केली. मी सोडला नाही.

माझा पारा चढला. बिडी नव्हती ना पोटात! मी तिथंच घोंगडीवर फतकल मारली, डाव्या पायाचं फडकं टराटरा सोडलं आणि राजाबाईची बोटं ओढून माझ्या पावलावर ठेवली.

"इथं नाडी असते. स्वतःच्या पायाची बघ आधी. लागली? आता माझी बघ. लागते का?"

तिनं बघितलं. पुन्हा बघितलं. "न्हाय की वो."

"नाही ना? मग मी मेलोय. सांग सगळ्यांना, चन्नप्पा वैद्य मेला. आणि मेलेल्या माणसानं तुझ्या सुनेबद्दल जे सांगितलं ते खरं मानून तू सुपारी फोडायला बसलीस!"

बिरप्पा खो खो हसायला लागला. इतके दिवस खाली मान घातलेला गडी, पोट धरून हसला. त्याच्यामागं ती कोपऱ्यातली पोरगी हसली, तिचा तर जीवच भांड्यात पडला होता. हरिबालाही हसू आवरेना.

राजाबाई मात्र माझ्या काळ्या बोटाकडे बघत होती. "तुमी कुनाला लाथ मारलीसा, वैद्यबाबा?"

"कुणाला नाही बाई. बिड्या ओढल्या."

"आन् हिनं तर कदी बिडीला हातबी लावला न्हाय. मग हिला का झालं?"

मी तोंड उघडलं. वडील असते तर लगेच काहीतरी ठोकून दिलं असतं, आणि आठ दिवसांपूर्वी मीही दिलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण मेंढ्यामुळं नाही, एवढं नक्की."

बिरप्पा उठला. पहिल्यांदा आईच्या समोर ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "तानी, वैद्यबाबांना दूध दे."

तानाबाईनं शेरडीचं दूध आणलं. वाटी दोन्ही हातांनी धरली होती, डावा हात जरा कापत होता. मी सगळ्यांच्या देखत एका दमात प्यालो, मिशा पुसल्या आणि रिकामी वाटी तिला परत दिली.

ती वळली तेवढ्यात राजाबाई म्हणाली, "मला न्हाय व्हय दूध?"

तानाबाई जागच्या जागी थांबली. मग तिनं तीच वाटी भरली आणि सासूपुढं धरली. राजाबाईनं घेतली. एक घोट, दोन घोट. "पानी लई घातलंस," ती कुरकुरली, आणि सगळी वाटी संपवली. तानाबाई तोंडाला पदर लावून वाड्याकडे पळाली, आणि हसत होती का रडत होती ते मला काही कळलं नाही.

या गोष्टीला चार वर्षं झाली. माझं ते एक बोट रुद्रप्पानं काढलं, बाकीचा पाय शाबूत आहे. बिडीची तल्लफ अजून येते, मग मी कुणावर तरी ओरडतो. नाडी अजून बघतो, पण दोन्ही हातांची, आणि पायांचीसुद्धा. लोक हसतात, हसू देत. कधी नीट कळलं नाही तर रोग्याला रुद्रप्पाकडे पाठवतो आणि माहीत नाही म्हणून सांगतो. पहिल्या वेळी जीभ जड झाली होती, आता होत नाही.

परवाच्या मंगळवारी कस्तुराबाई शेंगा कुटत होती आणि मी आत काढा गाळत होतो. पायरीवरून ओळखीचा आवाज आला.

"वैद्यबाबा! आजबी न्हाय मेले!"

"मीबी न्हाय गं!" मी आतून ओरडलो, आणि समोरच्या भडबुंज्याच्या बाकड्यावर बसलेले लेकाचे सगळे हसले.